अंगणवाडीला वाकळ कशाला?

घर रंगवायला काढलं की एक गंमत होते. गाद्या, उशा, सतरंज्या, पडदे, खुंटीवरचे कपडे सगळं अंगणात जातं, आणि रिकाम्या खोलीत कुणी नुसतं "बादली आण" म्हटलं तरी आवाज चारी भिंतींना फिरून परत येतो. माणसं तीच, गळा तोच, खोलीही तीच. सामान पुन्हा लागलं की आवाजही जागेवर येतो.

आता अशी खोली घ्या, जिच्यात गाद्या-पडदे कधी आलेच नाहीत, आणि तीत तीन ते सहा वर्षांची पंचवीस मुलं बसवा. उमरगा तालुक्यातल्या बऱ्याच अंगणवाड्या अशाच आहेत. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट. हीच पोरं बाहेर लिंबाखाली बसवली तर त्यांचा किलबिलाट कानाला गोड वाटतो. आत आणली की अकरा वाजेपर्यंत ताईंचा घसा बसतो आणि मदतनीस मावशी कपाळाला हात लावतात. मुलं आत आल्यावर जास्त वांड होतात, असा सगळ्यांचा समज. खरी वांड असते ती खोली.

या खोलीवरचा सगळ्यात स्वस्त इलाज उमरग्याच्या प्रत्येक घरात उतरंडीशेजारी घडी घालून ठेवलेला आहे. त्याला कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. सीमेपलीकडं कर्नाटकात आळंद-बसवकल्याणकडं गेलात तर कौदी. ही मऊ वस्तू शिकण्याच्या जागेत नेमकं काय करते, ते पाहू. सजावट हे त्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं काम आहे.

आवाजाचा हौद

खोली म्हणजे हौद आणि मुलांचे गळे म्हणजे त्यात सोडलेले नळ, असं धरा. प्रत्येक नळातून आवाज आत पडतो. हौदाला बाहेर जायची वाट नसेल तर पातळी चढत राहते. खाली भोकं असतील तर थोडं चढून एका जागी थांबते, कारण जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जाऊ लागतं. भोकं मोठी असली की पातळी खाली थांबते, बारीक असली की वर.

लिंबाखाली हौदच नसतो. आवाज निघतो आणि शेतात निघून जातो. खोलीत मात्र गुळगुळीत सिमेंटवर आपटलेल्या आवाजातला शंभरातला दोन-तीन भागच भिंत गिळते, बाकी सगळा परत फेकते. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून स्लॅबवर, तिथून फरशीवर. सेकंदाला साधारण ३४० मीटर या वेगानं धावणारा आवाज वीस फुटी खोलीत एका सेकंदात पन्नासहून जास्त वेळा आपटतो. म्हणजे सगळी मुलं एका क्षणी गप्प झाली, सगळे नळ बंद झाले, तरी हौद रिकामा व्हायला वेळ लागतो. या वेळेला आपण घुमण्याचा काळ म्हणू. आवाजाची ताकद दहा लाखांश उरेपर्यंत जितके सेकंद जातात, तितका हा काळ.

हौदाची भोकं म्हणजे काय? उघडी दारं, उघड्या खिडक्या, मुलांची अंगं आणि अंगावरचे कपडे. आणि कुठलंही जाड, सच्छिद्र, मऊ कापड.

रात्री पळवलेल्या गाद्या

ही गोष्ट पहिल्यांदा मोजली गेली ती एका वर्गातच, आणि तीही गाद्यांनीच. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कला संग्रहालयाची नवी इमारत झाली. तिच्यातल्या व्याख्यानगृहात प्राध्यापक बोलायचे आणि कुणालाही काही कळायचं नाही. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राहायचा, आणि तेवढ्यात त्यावर पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन पडलेले असायचे. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी वॉलेस सेबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला सांगितलं, यातून काहीतरी मार्ग काढ.

सेबाइनकडं आजच्यासारखी यंत्रं नव्हती. ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या तो रात्री माणसं लावून उचलून आणायचा, व्याख्यानगृहात पसरायचा, नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज किती वेळानं विरतो ते मोजायचा. रात्री अशासाठी, की दिवसा रस्त्यावरच्या गाड्या आणि माणसं मोजू देत नसत. सकाळच्या आत गाद्या परत. गाद्या वाढवत गेलं की घुमण्याचा काळ ठरावीक हिशेबानं कमी होतो, हे त्याला दिसलं. त्यातून निघालेलं साधं सूत्र आजही जगभरचे वास्तुतज्ज्ञ वापरतात.

त्यानं आवाज गिळण्याचं मापही मोठं सुटसुटीत ठरवलं: उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून त्या जागेवर पडलेला सगळा आवाज बाहेर जातो, तो परत येत नाही. मग गादीचा तुकडा किती खिडक्यांच्या बरोबरीचा, माणूस किती खिडक्यांच्या बरोबरीचा, असा हिशेब मांडायचा. भिंत न फोडता खोलीला खिडक्या पाडायच्या असतील तर कापड लावा, इतकी सोपी ही गोष्ट आहे.

चौकट: एका अंगणवाडीचा ढोबळ हिशेब

खोली २० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच धरू. म्हणजे सुमारे ११३ घनमीटर हवा. सूत्र असं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले "उघड्या खिडक्यां"चे चौरस मीटर.

पावसामुळं दारं-खिडक्या लावलेल्या, आत पंचवीस मुलं. सिमेंट, फरशी, लाकूड मिळून ४ खिडक्या. मुलं मिळून साडेपाच. एकूण साडेनऊ. घुमण्याचा काळ सुमारे १.९ सेकंद.

आता फरशीवर १० चौरस मीटर वाकळी अंथरल्या आणि भिंतींवर १२ चौरस मीटर जाड वाकळी थोड्या अंतरावर टांगल्या. या अंदाजे साडेनऊ खिडक्यांची भर घालतात. एकूण १९. काळ सुमारे ०.९५ सेकंद.

पाऊस थांबून दारं-खिडक्या उघडल्या तर आणखी ४-५ खिडक्या, आणि काळ पाऊण सेकंदाच्या आसपास.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली वर्गखोल्यांसाठी सुचवलेलं माप ०.६ सेकंद आहे.

पान, कान, मान

घुमतं तर घुमू दे, मुलं आनंदात आहेत ना, असं कुणी म्हणेल. अडचण आनंदाची नाही, ऐकण्याची आहे.

पान, कान, मान, दान हे शब्द घ्या. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. पुढचा 'आन' सगळ्यांचा सारखा. आपल्या बोलण्यात ताकद असते ती स्वरांची. 'आ' मोठा, भरघोस आणि लांब असतो. व्यंजनं मात्र क्षणभरात येऊन जातात, आणि त्यांतली क, त, स, श ही तर फुसफुशीत, वरच्या पट्टीतली. घुमणाऱ्या खोलीत मागच्या शब्दाचा 'आ' अजून विरलेला नसतो, तोच पुढच्या शब्दाचं नाजूक व्यंजन येतं आणि त्याखाली दबून जातं. ताई "कान दाखवा" म्हणतात, मुलापर्यंत पोचतं "...आन दा...आ". शेजारच्यानं हात कानाला लावलेला पाहून तेही लावतं. ताईंना वाटतं, कळलं.

मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण मोठा माणूस कानांपेक्षा अनुभवानं ऐकतो. "उद्या शाळेला सु... आहे" एवढं ऐकूनही आपण सुट्टी भरून घेतो. ज्याच्याकडं अजून शब्दच थोडे आहेत, ते लेकरू कशानं भरणार? गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची मेंदूची ताकद पौगंडावस्थेपर्यंत वाढत असते. म्हणून ऐकण्याचा अभ्यास करणारे सांगतात, की लहान मुलांना शिकवणाऱ्याचा आवाज भोवतालच्या गलक्यापेक्षा निदान १५ डेसिबलनं वर असावा. दर १० डेसिबलला आवाज दुप्पट मोठा भासतो, हे लक्षात घेतलं म्हणजे ताईंचा घसा का बसतो ते कळेल.

उमरग्याला ही अडचण आणखी टोकदार होते. कलबुर्गी आणि बीदर जिल्हे लागूनच आहेत. एकाच अंगणवाडीत मराठी बोलणारं, घरी कानडी बोलणारं, तांड्यावरून आलेलं लमाणी बोलणारं आणि दखनी बोलणारं मूल शेजारी शेजारी बसतं. आपली नसलेली भाषा गोंगाटात समजणं आपल्या भाषेपेक्षा कितीतरी अवघड असतं. परगावच्या बसस्टँडवर हिंदी-इंग्रजी सूचना ऐकताना आपलंही तसंच होतं. लमाणी बोलणारी पोर "लाजते", "बोलत नाही" असा शेरा तिच्या माथी मारण्याआधी खोली किती घुमते ते बघायला हवं.

यात भर पडते माणसाच्या एका खोडीची. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानं १९११ साली तिची नोंद केली. भोवती गलका वाढला की आपण नकळत आवाज चढवतो. एक चढवतो म्हणून दुसरा, दुसरा म्हणून तिसरा. हौदाची पातळी वाढली म्हणून प्रत्येक जण आपला नळ आणखी मोठा सोडतो. सुदैवानं हे उलटही चालतं. वाकळींमुळं गलका ३ डेसिबलनं उतरला तर आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्यानं मुलं हळू बोलू लागतात, आणि त्यामुळं तो आणखी उतरतो. "गप्प बसा" न ओरडता.

मातीची घरं गेली तेव्हा

या भागातल्या खोल्या नेहमीच अशा घुमत नव्हत्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना भूकंप झाला, तोवर इथली घरं दगड-मातीची होती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचं जड माळवद. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत त्याच माळवदाखाली हजारो माणसं गेली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं. लोहारा तालुका नंतर वेगळा झाला. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, सिमेंट-काँक्रीटनं बांधली गेली.

जुन्या घरांबद्दल हळहळ करावी, असं मला वाटत नाही. ज्या छतानं माणसं मारली ते गेलं, हे बरंच झालं. पण घर बदललं तसा आवाजही बदलला, याचा विचार कुणी केला नाही, आणि त्या वेळी करण्याची सवडही नव्हती. माती सिमेंटपेक्षा थोडाच जास्त आवाज पिते. जुन्या घरातलं खरं काम करत होती ती ज्वारीची पोती, कणगी, कडबा, दोरीवरची लुगडी आणि कोपऱ्यातला वाकळींचा ढीग. नव्या गावांतल्या अंगणवाडीत यातलं काहीच आलं नाही. तिथं आली लोखंडी कपाटं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि तक्ते.

वाकळ आवाज कशी पिते

आवाज म्हणजे हवेचं पुढंमागं हलणं. सिमेंटला धडकलेली हवा आत शिरू शकत नाही, ती परतते. वाकळीचं तसं नसतं. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थरावर थर लावून जाड सुईनं धावदोरा घातलेला असतो. धाग्याधाग्यांत, थराथरांत हवेच्या बारीक वाटा असतात. हलणारी हवा त्यांत शिरते, तंतूंना घासते आणि घासता घासता तिचा जोर संपतो. आवाजाची अगदी किंचितशी ऊब होते, हाताला न कळणारी.

यावरून दोन गोष्टी आपोआप निघतात, आणि दोन्हींत लोक हमखास चुकतात.

पहिली, पातळ पडदा काही कामाचा नाही. खिडकीला नायलॉनचा झुळझुळीत पडदा लावून खोली शांत होत नाही. जाडी हवी, आणि कापडातून फुंकर आरपार जायला हवी. वाकळीला ओठ लावून फुंका. थोडा अडथळा येऊन हवा पलीकडं गेली तर ती चांगली. रेक्झिनची गादी बसायला मऊ असते, पण वरून बंद असल्यामुळं आवाजाला तीही जवळजवळ फरशीच.

दुसरी, भिंतीला घट्ट चिकटवून खिळे मारू नका. भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलूच शकत नाही, मागं भिंत असते ना. जिथं हवा हलत नाही तिथं घासणार काय? भिंतीपासून चार बोटं पुढं बांबूवर वाकळ टांगली तर ती हलत्या हवेच्या वाटेत येते आणि तेवढ्याच कापडात जास्त काम करते. सगळ्या एकाच भिंतीवर नकोत. समोरासमोरच्या भिंतींपैकी एकेक झाकली की आवाजाची ये-जा तुटते.

खात्री करायची असेल तर रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एकच टाळी वाजवा आणि मोबाइलवर टिपून घ्या. मग वाकळी लावून पुन्हा. फरक ऐकायला कुठल्याही शास्त्राची गरज पडत नाही.

फरशी गार का लागते, आणि कधी गारच बरी

थंडीत सकाळी शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवला की शिरशिरी येते. शेजारच्या गोधडीवर ठेवला की येत नाही. दोन्हींचं तापमान मात्र एकच असतं, रात्रभर एकाच खोलीत पडलेल्या असतात. आपली कातडी वस्तूचं तापमान मोजत नाही, आपल्या अंगातली ऊब किती वेगानं निघून जाते ते मोजते. दगड ती झपाट्यानं ओढून घेतो. वाकळीच्या थरांत अडकलेली हवा ती पुढं जाऊच देत नाही.

लहान मुलाचं वजन कमी, पण त्या मानानं अंगाचा पृष्ठभाग जास्त. त्यामुळं त्याची ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते. गार फरशीवर मांडी घालून बसलेलं मूल चुळबुळ करतं, उठतं, उकिडवं बसतं, दुसऱ्याच्या अंगावर जातं. आपण त्याला चंचल म्हणतो.

पण हे झालं डिसेंबर-जानेवारीचं. उबदार कोपऱ्यांची हौस मुळात थंड देशांतली, आणि ती जशीच्या तशी उचलली की फसगत होते. एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापलेला असतो, पारा चाळिशीला टेकलेला असतो. तेव्हा याच पोरांना उघड्या फरशीवर पालथं पडून पोट गार करायचं असतं, आणि ते अगदी शहाणपणाचं आहे. उन्हाळ्यात फरशीवरच्या वाकळी गुंडाळून ठेवाव्यात, भिंतींवरच्या राहू द्याव्यात. आवाज पिण्याचं जास्त काम तशाही त्या अंतरावर टांगलेल्या वाकळीच करतात.

कापड मात्र सुती हवं. कोरडा कापूस हवेतली वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. सिंथेटिक साडीच्या गोधडीवर मूल घामेजतं ते यामुळं. आणि आजकाल घरोघरच्या जुन्या साड्या बहुतेक सिंथेटिकच असतात. वरखालचे दोन थर तरी जुन्या सुती लुगड्याचे, धोतराचे किंवा सोलापुरी चादरीचे ठेवले तर भागतं. सिंथेटिकला आगीचाही धोका: ते पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. खिचडी शिजते त्या बाजूला कुठलंच कापड टांगू नये.

कापडाची आई

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञानं माकडाच्या पिल्लांवर केलेला प्रयोग १९५८ साली गाजला. पिल्लांना आईपासून तोडून त्यांच्यापुढं दोन बाहुल्या ठेवल्या. एक तारेची, तिला दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली, दूध नसलेली. पिल्लं दूध पिण्यापुरती तारेवर जायची आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाला बिलगून काढायची. प्रयोग निर्दय होता, आज कुणी तो करू देणार नाही. पण त्यातला पुढचा भाग शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. पिंजऱ्यात आवाज करणारं भीतिदायक खेळणं सोडलं की पिल्लू धावत कापडाच्या आईकडं जायचं, अंग घासायचं, आणि जरा वेळानं तिथूनच वळून त्या खेळण्याकडं बघू लागायचं. काही वेळा उतरून त्याला हात लावायलाही जायचं. मऊ जागेनं पिल्लाला नुसतं झोपवलं नाही, तर धीट केलं.

जून महिन्यात कुठल्याही अंगणवाडीच्या दारात उभं राहा. आईचा पदर मुठीत धरून पोरगं रडत असतं. पदर सोडवून घ्यायचा, पोराला आत ढकलायचं आणि दार लावायचं, ही आपली रीत. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये मांडलं, की आईपासून सुटं होताना मूल मध्ये एक वस्तू धरतं, चिंधी किंवा पांघरुणाचं टोक, आणि तिच्या आधारानं ते अंतर ओलांडतं. ती चिंधी नेमकी तीच लागते. नवी आणि स्वच्छ आणून दिली तर चालत नाही, कारण तिला वास नसतो. आठवड्याभराचं बाळसुद्धा आपल्या आईच्या वासाकडं मान वळवतं.

वाकळ ही वस्तूच आईच्या, आजीच्या नेसलेल्या लुगड्यांची. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलानं घरून हातरुमालाएवढा वाकळीचा तुकडा आणावा आणि वाटेल तेव्हा तो हातात धरावा, एवढी मुभा दिली तर रडणं लवकर थांबेल, असा माझा कयास आहे. तो तुकडा हिसकून "मोठा झालास ना आता" म्हणणाऱ्यांना कृपा करून आवरा.

इथं एक खबरदारी. हे सगळं तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. वर्षाच्या आतलं बाळ झोपवताना त्याच्या तोंडाजवळ उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी ठेवू नयेत. त्याला तोंड फिरवून श्वास मोकळा करता येत नाही.

बस्कराची हद्द

मारिया माँटेसरीनं १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत आपलं पहिलं बालघर उघडलं. तिच्या पद्धतीत मूल काम करायला बसताना आधी छोटी सतरंजी उलगडतं, साहित्य तिच्यावर मांडतं, आणि झालं की गुंडाळून जागेवर ठेवतं. ही नुसती शिस्त नाही. "आपली जागा" ही कल्पना तीन वर्षांच्या मुलाला मनातल्या मनात धरता येत नाही. कापडाची कड डोळ्यांना दिसते. कडेच्या आत माझं, बाहेर तुझं. भांडणं कमी होतात, आणि हातातल्या कामावर नजर राहते.

महाराष्ट्रात हे विचार खेड्यात नेले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना त्यांनी परदेशी पद्धतीचं महागडं साहित्य बाजूला ठेवलं आणि बिया, शिंपले, दगड, पानं अशा आसपासच्या वस्तू घेतल्या. मुलं बालवाडीकडं येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आजच्या 'अंगणवाडी' या नावामागं ती गोष्ट आहे. उमरग्यात त्याच वाटेनं जायचं तर आयात फोमचे रंगीत चौकोन कशाला हवेत? प्रत्येकाला एक शिवलेलं बस्कर पुरे.

कोपऱ्याचंही तसंच. घरात मुलं खाटेखाली शिरतात, दोन खुर्च्यांवर आईची साडी टाकून घर करतात. त्या आडोशात तीन बाजूंचं दिसणं बंद होतं, एका बाजूनं जग दिसत राहतं. सतत चोहीकडं लक्ष ठेवण्याचा ताण जातो. अंगणवाडीत गोष्टीच्या पुस्तकांपाशी कमरेएवढ्या उंचीवर एक वाकळ आडवी टांगली, खाली दुसरी अंथरली, दोन लोड टेकवले की झाला गोष्टीचा कोपरा. उंची कमरेएवढीच, कारण ताईंना आतलं मूल दिसलं पाहिजे.

रंगांबद्दल माझं मत लोकांना फारसं आवडणार नाही. अंगणवाडीच्या भिंती आपण छताखालपर्यंत चित्रांनी भरतो: फळं, प्राणी, आगगाडी, छोटा भीम. २०१४ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात बालवाडीतल्या २४ मुलांना आलटून पालटून गच्च सजवलेल्या आणि साध्या खोलीत शिकवून पाहिलं. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि शिकवलेलं त्यांना कमी समजलं. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. तरी वाटतं, की शिकवायच्या भिंतीवर दोन साध्या, मंद रंगांच्या वाकळी टांगाव्यात आणि चित्रं मागच्या भिंतीवर असू द्यावीत. तांड्यावरच्या बायकांचं काचेचं भरतकाम डोळ्यांचं पारणं फेडतं, पण ते मुलांच्या हाताला येईल असं नको. सुटलेली काच पहिल्यांदा तोंडात जाते.

ऊन, खरूज आणि पावसाळा

"कापडात घाण साठते" हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर नसेल तर वर लिहिलेलं सगळं वाया जाईल. धूळ, उवा, खरूज, नायटा, आणि तीन वर्षांच्या मुलांची सू.

खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो. म्हणून एखाद्या मुलाला खरूज दिसली तर त्याचं बस्कर गरम पाण्यात धुवावं, किंवा पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावं. बस्कर ज्याचं त्याचं, बदलाबदल नाही. फरशीवरच्या वाकळींना साध्या सुती खोळी शिवाव्यात, म्हणजे जड वाकळ दर वेळी धुवावी लागत नाही. खोळ काढली, धुतली, चढवली. धुळीतले सूक्ष्म किडे ओलाव्यावर जगतात, आणि कडक कोरडं ऊन तर उमरग्याला फुकट आहे. आठवड्यातून एकदा वाकळी कुंपणावर टाकून काठीनं झोडपल्या की पुष्कळ काम होतं.

खरा कसोटीचा काळ जुलै ते सप्टेंबर. ऊन नाही, भिंतींना ओल, कापडाला बुरशीचा वास. तेव्हा जमिनीवरच्या अर्ध्या वाकळी काढून ठेवाव्यात, भिंतीवरच्या बांबूमुळं मागून हवा खेळते म्हणून त्या टिकतात. वास आला की मात्र लगेच उतरवायच्या.

शिवणार कोण

एक वाकळ शिवायला बाईचे कितीतरी दिवस जातात. गावात असं काही ठरलं की पहिली नजर ताईंकडं जाते: रजिस्टरं भरा, आहार वाटा, वजनं घ्या, लसीकरणाला बोलवा, आणि रात्री वाकळी शिवा. हे होऊ नये. गावातल्या बचत गटाला काम द्यावं आणि मोजून मजुरी द्यावी. म्हाताऱ्या आयांच्या हातात अजून तो धावदोरा आहे; सुनांकडं तो जाणार असेल तर पैशाच्या वाटेनंच जाईल.

ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून दरवर्षी काय घेतलं जातं ते गावोगाव सगळ्यांना ठाऊक आहे: आणखी चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणखी एक लोखंडी कपाट, भिंतीला आणखी एक रंगाचा हात. यातली प्रत्येक वस्तू आवाज परत फेकणारी. पुढच्या ग्रामसभेत त्या यादीत बारा वाकळी, तीस बस्करं, खोळींचं कापड आणि चार बांबू लिहून घ्यायला हरकत नाही. जुनी लुगडी गाव देईल, खर्च शिलाईचा आणि दोऱ्याचा.